राजाने स्वतःसाठी लिहायची गुंडाळी

ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ तोरा. त्याच्या पाचव्या पुस्तकात, मराठी बायबल ज्याला ‘अनुवाद’ म्हणतं त्यात, सतराव्या अध्यायाच्या शेवटी राजासाठी सात वचनं आहेत. लोकांना राजा हवा असेल तर नेमता येईल, पण तो परका नसावा, आपल्याच भाऊबंदांतला असावा. त्याने घोडे फार बाळगू नयेत, बायका फार करू नयेत, सोनंचांदी फार साठवू नये. फौज, सोयरिकींतून जुळणारं राजकारण आणि खजिना या तीन गोष्टींवर त्या काळचं राजेपण उभं असायचं, आणि तिन्ही इथे आधीच आखडून टाकल्या आहेत. राजाने काय करायचं, याबद्दल मात्र एकच काम सांगितलं आहे. गादीवर बसल्यावर त्याने या नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहायची, ती जवळ ठेवायची आणि हयातभर रोज वाचायची. कारणही दिलं आहे: आपण आपल्या भाऊबंदांहून वरचे आहोत असं त्याच्या मनात येऊ नये.

लढाया जिंकणं, राज्य वाढवणं, देऊळ बांधणं यांतलं काहीच या वचनांत नाही. जगातल्या जुन्या कायद्यांमध्ये हे फार वेगळं आहे. इसवीसनापूर्वी अठराव्या शतकात बॅबिलोनच्या हम्मुराबीने आपले कायदे काळ्या दगडी स्तंभावर कोरून घेतले. स्तंभाच्या माथ्यावर सूर्यदेव शमाश आणि त्याच्यासमोर उभा राजा, अशी आकृती आहे. कायदा राजाच्या तोंडून येतो आणि त्याचं श्रेय राजाला जातं. तोरामध्ये कायदा राजाच्या आधीपासून आहे. तो याजकांपाशी आहे आणि राजाने तिथे जाऊन त्यावरून नक्कल करायची आहे. राजा इथे लेखनिक आहे, लेखक नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म एवढ्यात आहे.

पुढे ज्यू पंडितांनी या सात वचनांचा कीस पाडला. इसवीसनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला संकलित झालेल्या मिश्ना या त्यांच्या नियमसंग्रहात राजाच्या गुंडाळीची दिनचर्याच दिली आहे. राजा लढाईला निघाला की गुंडाळी त्याच्याबरोबर निघते, परतला की परतते. तो न्यायाला बसला की ती शेजारी असते, जेवायला बसला की समोर असते. मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ तालमूद, त्याने आणखी एक अट घातली. वाडवडिलांकडून आलेल्या गुंडाळीवर राजाने मिरवू नये, स्वतःची नवी लिहावी. राज्य वारशाने मिळेल, पण ग्रंथाशी नातं वारशाने मिळणार नाही. तालमूदच्या हिशेबाने राजाच्या गुंडाळ्या दोन: एक खजिन्यात ठेवायची आणि दुसरी सतत अंगासरशी बाळगायची. बाराव्या शतकातले थोर शास्त्रकार मोशे बिन मैमोन, म्हणजे मायमोनिडीज, यांनी सगळे धागे एकत्र करून नियम बांधला. राजाची प्रत मंदिराच्या अंगणातल्या प्रतीशी ताडून पाहायची, आणि ती ताडून पाहणार एकाहत्तर जणांचं सर्वोच्च न्यायमंडळ. राजाने काय लिहिलं हे तपासायचा अधिकार राजाच्या हाती ठेवलेला नाही.

हे नियम राजांनी पाळले का? शलमोनाने तिन्ही मर्यादा ओलांडल्या. त्याच्या तबेल्यांची, सातशे राण्यांची आणि सोन्याच्या राशींची वर्णनं बायबलमध्येच आहेत, आणि त्याचं मन कसं बहकलं हेही तिथेच नोंदलं आहे. योशियाची गोष्ट याहून हलवणारी आहे. इसवीसनापूर्वी ६२२ च्या सुमाराला यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असताना महायाजक हिल्कियाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. चिटणीस शाफानने तो राजाला वाचून दाखवला. ऐकता ऐकता राजाने स्वतःची वस्त्रं फाडली. आपल्या घराण्याने किती काळ काय काय मोडलं, हे त्याला तेव्हा कळलं. त्याने हुल्दा नावाच्या संदेष्टीकडे माणसं पाठवून पुढे काय करायचं ते विचारलं. सापडलेला तो ग्रंथ म्हणजे ‘अनुवाद’चाच गाभा असावा, असं एकोणिसाव्या शतकापासून बहुतेक अभ्यासक मानत आले आहेत. तसं असेल तर राजाने प्रत लिहावी ही आज्ञाही त्या दिवशी राजाच्या कानावर पडली असणार.

तिसरी गोष्ट राजा अग्रिप्पाची, मिश्नातली. दर सात वर्षांनी मांडवांच्या सणात सगळी प्रजा जमायची आणि राजाने तिच्यापुढे ‘अनुवाद’मधले उतारे मोठ्याने वाचायचे, असा प्रघात होता. राजाला बसून वाचायची मुभा होती, पण अग्रिप्पा उभा राहिला. वाचता वाचता तो राजाविषयीच्या वचनांपाशी आला. परका माणूस राजा नेमू नका, हे वाक्य उच्चारताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, कारण तो हेरोदाच्या घराण्यातला, मूळचा इदोमी वंशाचा. जमलेल्या लोकांनी त्याला धीर दिला की तू आमचा भाऊच आहेस. भर गर्दीत, स्वतःच्या गादीविरुद्ध जाणारं वाक्य राजाला स्वतःच्या तोंडाने वाचावं लागतं, अशी व्यवस्था मला दुसऱ्या कुठल्या दरबारात आढळलेली नाही.

आता ही गुंडाळी प्रत्यक्षात कशी असते ते पाहू. खाण्यास विहित असलेल्या जनावराचं कमावलेलं कातडं, त्याचे तुकडे जनावराच्याच स्नायूंच्या दोऱ्याने शिवलेले, दोन टोकांना दोन लाकडी दांडे. काळी शाई, पिसाची किंवा बोरूची लेखणी. आधी बोथट टोकाने कातड्यावर ओळी आखतात, आणि अक्षरं त्या ओळीवर बसवत नाहीत, ओळीखाली टांगतात. देवनागरीची अक्षरं शिरोरेघेला लटकलेली पाहायची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, विरामचिन्हं नसतात. एकूण अक्षरं ३,०४,८०५. लेखनिकाने आठवणीतून एकही शब्द लिहायचा नाही. समोर आदर्श प्रत ठेवायची, शब्द मोठ्याने उच्चारायचा आणि मग लिहायचा. ईश्वराचं नाव लिहिण्याआधी आपला हेतू बोलून दाखवायचा. ते नाव एकदा लिहिलं की खोडता येत नाही. त्यात चूक झाली तर तेवढा तुकडा बाजूला काढून जपून ठेवायचा किंवा पुरायचा आणि तो भाग पुन्हा लिहायचा. एक अक्षर गळलं, एक वाढलं, किंवा दोन अक्षरं एकमेकांना चिकटली, तरी दुरुस्ती होईपर्यंत सगळी गुंडाळी सभेत वाचायला अपात्र ठरते. कसलेल्या लेखनिकाला एका गुंडाळीला वर्षभर लागतं.

पुण्याजवळ हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये हजारो जणांचा दिवस दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासण्यात जातो. त्यांना यातला एक भाग लगेच पटेल. गेल्या काही दशकांत नव्या गुंडाळ्यांचं संगणकावरही परीक्षण होऊ लागलं आहे. प्रत्येक स्तंभाची प्रतिमा घेतात आणि प्रमाण पाठाशी अक्षर अक्षर जुळवतात. शतकानुशतकं वापरात असलेल्या, अनेक डोळ्यांखालून गेलेल्या गुंडाळ्यांमध्येही अशा तपासणीत गळलेली अक्षरं सापडली आहेत. पण अक्षराला बारीक तडा गेला आहे का, शाई उडाल्यामुळे एक अक्षर दुसऱ्यासारखं दिसतंय का, याचा निवाडा अजून माणूसच करतो. जाणत्यांनाही शंका राहिली तर लहान मुलाला अक्षर दाखवून ते काय वाचतं हे पाहण्याची जुनी रीत आहे. मुलाला अर्थ कळत नसतो, म्हणून ते अंदाजाने वाचत नाही, जे दिसतं तेच सांगतं.

राजासाठी सांगितलेलं हे काम एकट्या राजापाशी थांबलं नाही. ‘अनुवाद’च्याच एकतिसाव्या अध्यायातल्या एका वचनावरून पंडितांनी ठरवलं की प्रत्येकाने आयुष्यात एक तोरा लिहावी. पारंपरिक मोजणीत ज्यू धर्माच्या आज्ञा ६१३, आणि ही त्यांतली शेवटची. ज्याला लिहिता येत नाही त्याने लिहवून घ्यावी. तयार गुंडाळीतलं एक चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं तरी सगळी लिहिल्याचं पुण्य. म्हणून आजही लेखनिक शेवटची काही अक्षरं नुसत्या बाह्यरेषांनी काढून ठेवतो आणि समारंभाच्या दिवशी कुटुंबातली, गावातली माणसं येऊन ती भरतात. राजाचं वेगळेपण एवढंच की त्याला सामान्य माणसापेक्षा एक गुंडाळी जास्त लिहायची आहे. मोठ्या पदाबरोबर हक्काऐवजी जादा काम वाट्याला येतं. मायमोनिडीजनी स्वतः तोरा लिहिली आणि तिची मापं आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली: २२६ स्तंभ, प्रत्येक स्तंभात ५१ ओळी. पुढे तेराव्या-चौदाव्या शतकातल्या आशेर बेन येहिएल यांनी आणखी मोकळा अर्थ लावला. गुंडाळ्या आता सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात ठेवतात, कुणी त्यांवरून घरी अभ्यास करत नाही. म्हणून अभ्यासाची पुस्तकं लिहिणं, मिळवणं हेही या आज्ञेचं पालनच. एक उणीव मात्र इथे सांगायलाच हवी. हे काम ‘प्रत्येकाचं’ म्हटलं तरी त्या प्रत्येकात बाई नव्हती. परंपरेत स्त्रीने लिहिलेली गुंडाळी चालत नाही. एकविसाव्या शतकात उदारमतवादी पंथांत स्त्रियांनी तोरा लिहायला सुरुवात केली आहे, सनातनी पंथ ती अजून मानत नाहीत.

आता आपल्या मुलखात येऊ. ज्यांच्यापाशी राजा नव्हता आणि ग्रंथही उरला नव्हता, असे ज्यू कोकणात राहत होते. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि बरोबरची पुस्तकं समुद्रात गेली. वाचलेली माणसं कुलाब्याच्या गावांत तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली वेगळे. गावावरून आडनावं पडली: नवगावकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर. तोराचा पाठ गेला, हिब्रू भाषा गेली. उरलं ते शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, खवलं आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शमा’ या प्रार्थनेचे शब्द. ग्रंथातले सण घरातल्या मराठी नावांनी जगले. वर्षारंभ झाला नव्याचा सण, प्रायश्चित्ताचा दिवस झाला दारफाळणीचा सण, आणि एक खिरीचा सण. लेखी कायदा नसताना एखादा समाज शतकानुशतकं कायद्याने चालतो, तो बहुतेक स्वयंपाकघराच्या जोरावर. या चिवटपणाचं मोठं श्रेय, गुंडाळी लिहायची परवानगी जिला कधीच नव्हती, त्या बाईला द्यायला हवं.

मायमोनिडीजच्या एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा ओझरता उल्लेख येतो: त्यांना लेखी तोरा ठाऊक नाही, ते फक्त शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात. हे वर्णन बेने इस्राएलांशी इतकं जुळतं की अनेक अभ्यासक तो उल्लेख त्यांचाच मानतात. हिंदुस्थानशी त्यांचं एक घरगुती दुःखही जोडलेलं आहे. मायमोनिडीजचे धाकटे भाऊ डेव्हिड हिंदुस्थानच्या व्यापारासाठी निघाले आणि हिंदी महासागरात बुडाले. त्यांच्या कमाईवरच या शास्त्रकाराचा अभ्यास चालला होता.

अठराव्या शतकात बेने इस्राएल मुंबईत आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत भरती झाले. सामाजी हसाजी दिवेकर त्यांतले एक. हिब्रू वळणाने त्यांचं नाव सॅम्युएल इझिकेल. म्हैसूरच्या दुसऱ्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. त्यांच्या समाजात सांगतात ती कथा अशी की आपण बेने इस्राएल आहोत असं त्यांनी सांगितलं, आणि टिपूच्या आईने कुराणातला बनी इस्राईलांचा उल्लेख आठवून त्यांचा जीव वाचवला. कैदेत त्यांनी नवस केला: सुटलो तर देवाचं घर बांधीन. सुटल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधलं. त्याचं हिब्रू नाव शआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. समाजात त्याला जुनी मशीद म्हणत, आणि रेल्वेच्या मस्जिद स्थानकाचं नाव त्यावरूनच पडलं असं मानतात. सॅम्युएल स्ट्रीट हे रस्त्याचं नाव सामाजींचंच.

इमारत उभी राहिली, पण आत ठेवायला तोरा हवी होती आणि ती लिहिणारं कोकणात कुणी नव्हतं. तोरा मिळवायला सामाजी कोचीनला गेले. तिथे १५६८ पासूनचं परदेशी सिनेगॉग होतं, शिकलेला ज्यू समाज होता, गुंडाळ्या होत्या. १७९७ मध्ये कोचीनमध्येच त्यांचा मृत्यू झाला. सामाजी राजा नव्हते, कंपनी सरकारचे हिंदी अधिकारी होते. पण या समाजात ज्याच्या हाती पहिल्यांदा थोडी सत्ता, थोडा पैसा आला, त्याने काय करावं असं त्याला वाटलं? भिंती बांधून तो थांबला नाही, ग्रंथासाठी घराबाहेर पडला आणि त्या कामात त्याचा देह पडला. ‘अनुवाद’मधल्या राजाची आज्ञा महाराष्ट्रात कुणी मनापासून पाळली असेल तर ती, माझ्या मते, या कोकणी माणसाने. याच कोचीनच्या परदेशी सिनेगॉगमधल्या तोरासाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्रावणकोरच्या महाराजांकडून सोन्याचा मुकुट आला. हिंदू राजाने दिलेला मुकुट ज्यू ग्रंथाच्या माथ्यावर गेला.

त्यानंतर शंभर वर्षांत बेने इस्राएलांनी गेलेला ग्रंथ मराठीतून परत मिळवला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनेची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत हग्गादा छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री घरी वाचायचं हे पुस्तक सचित्र आहे, आणि त्यातल्या बायका लुगडी नेसून सणाच्या भाकरी करताहेत. आशेर बेन येहिएल यांचा मोकळा अर्थ लावला तर हे सगळे छापखानेही तोरा लिहिण्याच्याच कामाला लागले होते.

पुण्यात आज दोन सिनेगॉग आहेत. रास्ता पेठेत १९२१ मधलं सुक्कथ शलोमो, ते बेने इस्राएलांचं. कॅम्पातलं ओहेल डेव्हिड हे बगदादी ज्यूंनी बांधलेलं. पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. ससून रुग्णालयामुळे ज्यांचं नाव शहराच्या तोंडी बसलं, त्या डेव्हिड ससून यांनी ते १८६३ मध्ये बांधायला घेतलं, आणि १८६७ मध्ये ते पुरं झालं. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा आराखडा, लाल विटा, नव्वद फुटांचा मनोरा. ससून स्वतः १८६४ मध्ये पुण्यात वारले, त्यांची कबर तिथल्याच आवारात आहे. बगदादी रिवाजाने तोरा कापडी वेष्टनात ठेवत नाहीत. तिला लाकडाची किंवा धातूची उभी पेटी असते, आणि ती पेटी उभीच ठेवून वाचन होतं. याच ससूनांचे मुंबईत जन्मलेले नातू डेव्हिड सॉलोमन ससून यांनी हिब्रू हस्तलिखितांचा जगातला एक मोठा संग्रह उभा केला. त्यातला नवव्या-दहाव्या शतकातला बायबलचा जवळपास संपूर्ण बांधीव ग्रंथ ‘कोडेक्स ससून’ म्हणून ओळखला जातो. ससूनांनी तो १९२९ मध्ये ३५० पौंडांना घेतला होता. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ३ कोटी ८१ लाख डॉलर मिळाले.

लाल देऊळ हिंजवडीच्या पूर्वेला राहिलं. उत्तरेला देहू, आणि त्याच्याही पुढे सुदुंबरे आणि चाकण. या बाजूलाही हाताने लिहिलेल्या एका ग्रंथाची कथा आहे आणि ती नेमकी उलट दिशेने जाते. तोरामध्ये लिहिणं हे कर्तव्य. सतराव्या शतकातल्या देहूत प्रश्न होता तो लिहिण्याच्या अधिकाराचा. तुकोबांनी धर्माचं सार मराठीत मांडलं, हाच आक्षेप होता, आणि वह्या इंद्रायणीत गेल्या. त्या तेराव्या दिवशी वर आल्या असं वारकरी परंपरा सांगते. तिच्यात चाकणचे संताजी जगनाडे हे तुकोबांचे लेखनिक. बुडालेले अभंग त्यांनी लोकांच्या मुखातून आणि स्वतःच्या आठवणीतून पुन्हा लिहून काढले, असंही ती मानते. ज्यू लेखनिकाला आठवणीतून लिहायची बंदी आहे, कारण त्याच्यासमोर प्रत आहे. संताजींपुढे प्रत उरली नव्हती, आठवण हीच आदर्श प्रत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे यांनी जगनाड्यांच्या वहीवरून गाथा छापली. संताजींची समाधी सुदुंबऱ्याला आहे. आणि ते जातीने तेली होते. कुलाब्यातल्या तेल्यांचा ग्रंथ समुद्रात गेला आणि त्यांनी तो नियम पाळून जपला. चाकणच्या तेल्याने नदीत गेलेला ग्रंथ लेखणीने परत आणला. दोघांपैकी कुणालाही शास्त्राने ग्रंथाचं राखणदार नेमलेलं नव्हतं.

राहिला राजा. आपल्याकडे स्वतःच्या गादीवर कायदा बसवणारा राजा झाला का? झाला, औंधला. हिंजवडीकडे जाताना लागणारं पुण्याचं औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातलं, यमाईचं औंध. ७२ गावांचं हे छोटं संस्थान, आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधी, लोकांचे बाळासाहेब. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, चित्रकार, कीर्तनकार. ग्रंथाची त्यांना खरी ओढ. १९१८ मध्ये त्यांनी भांडारकर प्राच्यविद्या संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपये देऊ केले. १९१९ मध्ये काम सुरू झालं. देशभरातून १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली, शब्दाशी शब्द ताडला गेला, आणि आवृत्ती पुरी व्हायला १९६६ उजाडलं. बाळासाहेब १९५१ मध्येच गेले होते. एका राजाने सुरू करून दिलेली नक्कल तपासायला पंडितांच्या जवळपास दोन पिढ्या लागल्या.

याच राजाने जानेवारी १९३९ मध्ये आपल्या संस्थानाला लेखी राज्यघटना दिली. सत्ता गावपंचायतींकडे आणि लोकांनी निवडलेल्या सभेकडे गेली, राजाच्या खर्चाला मर्यादा आली. घटनेला गांधीजींचं मार्गदर्शन होतं. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी धडपड केली. फ्रीडमन मूळचे पोलंडचे, वॉर्सातल्या गरीब ज्यू घरात जन्मलेले, पेशाने इंजिनिअर. हेच फ्रीडमन पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांपाशी बसले आणि महाराजांच्या मराठी संवादांचं इंग्रजी पुस्तक त्यांनी १९७३ मध्ये सिद्ध केलं. औंधच्या काळात आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. व्ही. शांतारामांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मागे तोच प्रयोग आहे. औंधची घटना तोरामधून आली असं म्हणायची गरज नाही. गांधींचा ग्रामस्वराज्याचा विचार आणि एका सत्शील राजाची तयारी, एवढी तिची मुळं पुरेशी आहेत. पण घोडे, बायका आणि सोनं यांना आवर घालून राजाने कायदा जवळ ठेवावा, हे जुन्या वचनांत जे मागितलं आहे, ते विसाव्या शतकात माण आणि खटावच्या दुष्काळी मुलखात एका राजाने आपखुशीने करून दाखवलं. आपल्या शाळेच्या इतिहासात या घटनेला जेमतेम एखादी ओळ मिळते, हा मोठा अन्याय आहे.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथे त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली. लग्नासाठी वेगळी चौकशी लावली गेली, त्याविरुद्ध त्यांनी झगडा केला, आणि १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू आहेत हे तिथल्या सरकारने मान्य केलं. ग्रंथ गेल्यावर ज्यांनी आज्ञा पाळल्या, त्यांना ग्रंथवाल्यांपुढे पुरावा द्यावा लागला. त्यांची मराठी तिथेही टिकली, ‘मायबोली’ नावाचं मासिकही निघालं. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

हिंजवडीत किंवा आसपास राहत असाल तर एखाद्या रविवारी लाल देऊळ पाहायला जा. आधी परवानगी घ्यावी लागते आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. शनिवार आणि ज्यू सणांचे दिवस टाळा, ते प्रार्थनेचे. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं. बगदादहून आलेल्या कुटुंबांनी बांधलेल्या या वास्तूत पवित्र कपाटाला ‘हेखाल’ म्हणतात, आणि गुंडाळ्या त्यातच असतात. कधी प्रार्थनेला हजर राहण्याची संधी मिळाली आणि गुंडाळी बाहेर आली, तर सगळ्यांबरोबर उभे राहा आणि कातड्याला हात लावू नका. वाचणाराही अक्षराला बोट लावत नाही, चांदीच्या छोट्या दर्शकाने ओळ दाखवतो. आणि मुंबईला गेलात तर मस्जिद स्थानकावर उतरून सॅम्युएल स्ट्रीटवरचं दयेचं द्वारही पाहून या.